आनंदीबाईंची कागदपत्रे आणि आपल्या घरांतील पेट्या

(वाचनालयाच्या शताब्दी महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे चाललेल्या वाचनालयाचा गौरव करताना त्याच्या कपाटांतील ग्रंथांची संख्या सांगण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ग्रंथ म्हणजे छापलेला कागद. जो कागद छापला गेला नाही, जो एका माणसाने दुसऱ्या एकाच माणसासाठी हाताने लिहिला, त्याचे काय होते, हा प्रश्न अशा प्रसंगी क्वचितच विचारला जातो. पत्र, रोजनिशी, अर्ज, हिशेबाची वही, मागे नावे लिहिलेले छायाचित्र, हे सारे ग्रंथालयाच्या व्याख्येत सहसा बसत नाही. आणि तरीही एखाद्या व्यक्तीचे, विशेषतः एखाद्या स्त्रीचे, खरे आयुष्य पुष्कळदा याच कागदांत उरलेले असते. आजच्या विवेचनाचा विषय अशाच थोड्या कागदांचा आहे. ते कागद डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जपले गेले आणि आता डिजिटल स्वरूपात पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या वाचकालाही घरबसल्या पाहता येतात.

आनंदीबाईंचे चरित्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये आली आणि तिने हे नाव घरोघरी पोहोचवले. २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही निघाला. मात्र कादंबरी व चित्रपट यांतून मनात ठसणारी आनंदीबाई ही दुसऱ्याने रंगवलेली असते. त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील ओळ समोर आली म्हणजे वेगळाच अनुभव येतो. म्हणून प्रथम त्यांच्या प्रवासाकडे पाहावे, आणि तो प्रवास पत्रांनीच कसा घडवला हे ध्यानात घ्यावे.

कल्याणच्या जोशी घराण्यात १८६५ च्या मार्चमध्ये जन्मलेली यमुना नऊ वर्षांची असताना गोपाळ विनायक जोशी यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि आनंदी झाली. गोपाळराव वयाने पुष्कळ मोठे, बिजवर, टपाल खात्यात नोकरीला. पत्नीला शिकवायचेच हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल जगले असते, ही जाणीव त्यांच्या मनातून पुढे कधीच गेली नाही. कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणासंबंधी पत्र लिहिले. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे वाट पाहत असताना तो अंक सहज उचलला आणि ते पत्र वाचले. त्यांनी कोल्हापूरच्या त्या अनोळखी मुलीला पत्र घातले. उत्तर गेले, पुन्हा पत्र आले. पुढची तीन वर्षे आगबोटीने येणाऱ्या-जाणाऱ्या टपालातून दोन स्त्रियांमध्ये एक नाते तयार झाले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

म्हणजे टपाल खात्यातल्या कारकुनाच्या पत्नीचे भाग्य टपालानेच पालटले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधील सेरामपूरच्या महाविद्यालयात, आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेला का जात आहोत हे स्पष्ट केले. एका सतरा वर्षांच्या हिंदू स्त्रीने पुरुषांच्या सभेत उभे राहून स्वतःच्या निर्णयाची कारणे मांडावीत, ही त्या काळी अपूर्व घटना होती. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या आगबोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. पती सोबत नव्हते. परक्या धर्माच्या, परक्या भाषेच्या स्त्रियांची सोबत होती. आज पेडण्यातल्या मोपा विमानतळावरून परदेशी निघणाऱ्या मुलीचा प्रवास काही तासांचा असतो. आनंदीबाईंचा जवळजवळ दोन महिन्यांचा होता, आणि परतल्यावर आपली माणसे घरात घेतील की नाही, याची शाश्वती नव्हती.

अमेरिकेत पोहोचल्यावर महिनाही झाला नसेल, तोच २८ जून १८८३ रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयाच्या चालकांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. हे पत्र त्या संग्रहातील सर्वांत मोलाचा कागद म्हणावा लागेल. आपले शिक्षण किती झाले आहे, कोणत्या विषयात आपण कमी पडतो, हे त्या कोणताही आडपडदा न ठेवता सांगतात. आप्तेष्ट आणि जात या दोहोंचा विरोध पत्करून आपण इतक्या दूर आलो याचा उल्लेख त्या करतात. परंतु तो दयेच्या याचनेसारखा नाही. आपल्या निश्चयाचा पुरावा म्हणून त्या तो पुढे ठेवतात. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत मिळावी, हा हेतू त्या नि:संदिग्धपणे मांडतात. पत्र इंग्रजीत आहे, अक्षर नेटके आहे. ज्या भाषेची ओळख होऊन फार वर्षे झाली नव्हती, त्या भाषेत एवढा ठाम अर्ज लिहिणारी स्त्री कादंबरीतल्या भाबड्या बालिकेहून किती निराळी होती, हे मूळ कागद पाहिल्यावाचून उमगत नाही.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे एक छायाचित्र. त्यावरची तारीख १० ऑक्टोबर १८८५ अशी आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात एकत्र दिसतात. साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरियातील दमास्कसच्या साबात इस्लांबूली. ओकामी १८८९ मध्ये व इस्लांबूली १८९० मध्ये पदवीधर झाल्या. आनंदीबाई त्यांच्या आधी, ११ मार्च १८८६ रोजी. आशियाच्या तीन टोकांहून आलेल्या या तीन तरुणींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांना जोडणारी भाषा अमेरिकेची होती. आजकाल हे छायाचित्र पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळते, पण नुसते चित्र पाहणारा ‘जुन्या काळच्या तीन स्त्रिया’ एवढेच म्हणून पुढे जाईल. त्याखाली नावे, देश आणि तारीख लिहून ठेवलेली आहे म्हणून त्या चित्राला इतिहासाची किंमत आली. चित्र जपणे हे अर्धे काम, आणि चित्रातील माणसे कोण हे लिहून ठेवणे हे उरलेले अर्धे.

आनंदीबाईंनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. ज्या मुलीचे मूल दहा दिवसांत गेले, तिने सात समुद्रांपलीकडे जाऊन बाळंतपणाच्या शास्त्रावर लिहिले. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. रमाबाईंचा ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हा ग्रंथ १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाला, तेव्हा त्याची प्रस्तावना या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी लिहिली, आणि तीत आनंदीबाईंच्या मृत्यूचा शोक आहे. रमाबाईंनी अमेरिकेतील लोकस्थितीचे व आपल्या प्रवासाचे वर्णन १८८९ मध्ये मराठीत प्रसिद्ध केले. आनंदीबाईंना तसे पुस्तक लिहायला आयुष्य उरले नाही. १८८६ च्या अखेरीस त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. ती त्यांना कधीच हाती घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. ज्या विद्येसाठी एवढा प्रवास केला, ती विद्या मायदेशातील रुग्णांच्या कामी लावायला त्यांना अवधीच मिळाला नाही. म्हणूनच त्यांच्या कागदांना एवढे मोल आहे.

आता हे कागद टिकले कसे, याचा विचार करू. १८५० मध्ये स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाचे नाव १९७० मध्ये बदलले. १९९३ मध्ये ते दुसऱ्या वैद्यकीय संस्थेत विलीन झाले आणि २००२ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाकडे गेले. नाव, इमारत, चालक, सारे बदलले. तरी जुन्या विद्यार्थिनींचे अर्ज, प्रबंध आणि छायाचित्रे प्रत्येक स्थलांतरात बरोबर नेण्यात आली. आज ती त्या विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयाच्या अभिलेखागारात आहेत. निवडक कागदांच्या डिजिटल प्रती तेथे सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या आहेत. आनंदीबाई पुढे प्रसिद्ध होणार म्हणून काही त्यांचा अर्ज जपला गेला नाही. कोणता कागद पुढे मोलाचा ठरेल हे त्या-त्या काळी कोणालाच कळत नसते, म्हणून सरसकट जपण्याची शिस्त लागते.

याच्याशी एका समकालीन इंग्रज प्रवासिनीच्या कागदांची तुलना उद्बोधक ठरेल. गर्ट्रूड बेल यांचा जन्म १८६८ चा, म्हणजे त्या आनंदीबाईंहून तीनच वर्षांनी लहान. अरबस्तान, सीरिया, मेसोपोटेमिया या प्रदेशांत त्यांनी उंटाच्या पाठीवरून हिंडून पुरावशेषांची नोंद केली आणि १९२६ मध्ये बगदादला त्यांचे निधन झाले. त्यांची सुमारे १,६०० पत्रे, रोजनिश्या आणि सुमारे ७,००० छायाचित्रे न्यूकॅसल विद्यापीठात आहेत. ती डिजिटल रूपात खुली आहेत, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्या संग्रहाचा जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत समावेश केला. बेल यांच्यामागे श्रीमंत कुटुंब होते, साम्राज्याची सत्ता होती आणि कागद सांभाळून विद्यापीठाच्या स्वाधीन करणारी नातलग मंडळी होती. टपाल कारकुनाच्या पत्नीमागे यांतले काहीच नव्हते. म्हणून एकीचे हजारो कागद, तर दुसरीचे हाताच्या बोटांवर मोजावेत असे दस्तऐवज. कोणाची आठवण किती राहते, हे त्या व्यक्तीच्या कर्तृत्वापेक्षा तिच्या भोवतीच्या माणसांनी काय सांभाळले यावर पुष्कळ अवलंबून असते, ही गोष्ट या तुलनेतून निखालस सिद्ध होते.

परंतु फिलाडेल्फियातील संग्रह म्हणजे संपूर्ण आनंदीबाई नव्हेत. तेथे आहे ती महाविद्यालयाची विद्यार्थिनी. मावशींना लिहिलेल्या इंग्रजी पत्रांच्या आधारे कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये बोस्टनहून त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठी पत्रे वाचकांपर्यंत आली ती काशीबाई कानिटकरांमुळे. काशीबाईंनी लिहिलेले चरित्र १८८९ मध्ये निघाले आणि १९१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती झाली. पतीला लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाई एका ठिकाणी लहानपणी अभ्यासासाठी खाल्लेल्या माराचा, फेकून मारलेल्या पुस्तकांचा, सोडून जाण्याच्या धमक्यांचा उल्लेख करतात. त्या वागण्याला चांगले म्हणावे की वाईट, हे ठरवणे कठीण आहे, असे त्या तोलून लिहितात. प्रवेशाच्या अर्जातून ही बाजू कधीच दिसली नसती. अमेरिकेने आपल्या विद्यार्थिनीला सांभाळले, आणि घरातली आनंदीबाई सांभाळली ती एका मराठी लेखिकेने. दोन्ही अर्धी एकत्र आणल्यावाचून पूर्ण व्यक्ती उभी राहत नाही.

पुढे हे काम करणाऱ्या अभ्यासकांत दोन नावे अगत्याने घ्यायला हवीत. अंजली कीर्तने यांचा ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा साक्षेपी ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या मीरा कोसंबी. गोव्यातील सांखवाळचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी यांच्या त्या नात. धर्मानंदांनी ज्ञानासाठी नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घातले आणि पुढे हार्वर्डपर्यंत मजल मारली. त्यांच्या नातीने आनंदीबाई आणि रमाबाई यांच्या मराठी लेखनाला इंग्रजी वाचकांपर्यंत नेले. मीराबाईंचे २०१५ मध्ये निधन झाले. आनंदीबाईंच्या चरित्रावरील व पत्रांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रकाशित झाला.

डिजिटल संग्रहाचे गुण सांगताना त्याच्या मर्यादाही सांगणे भाग आहे. प्रतिमा घेतली म्हणजे कागद वाचला असे नव्हे. मूळ कागद जपावाच लागतो, कारण शाई, पाणखूण, घडी, पाकिटावरचा शिक्का यांतून मिळणारी माहिती प्रतिमेत पूर्णपणे उतरत नाही. शिवाय संगणकावरील प्रतही मर्त्यच असते. तबकडी बिघडते, यंत्र जुने होते, प्रतिमेची बांधणी बदलते. म्हणून एक प्रत वाचनालयात, दुसरी गावातच दुसऱ्या इमारतीत आणि तिसरी दूरच्या ठिकाणी, अशी व्यवस्था जाणकार सांगतात.

याहूनही महत्त्वाची आहे ती नोंद. आनंदीबाई आपले आडनाव रोमन लिपीत लिहिताना शेवटी दोन ई लिहीत. आज आपण ते ‘आय’ने लिहितो. डॉलबाईंच्या ग्रंथावर त्यांचे नाव ‘आनंदाबाई’ असे छापले आहे. माहेरचे नाव तर यमुना. एकच व्यक्ती चार नावांनी नोंदली जाते, आणि ज्याला ही चारही नावे ठाऊक नाहीत त्याच्या हाती संगणकाच्या शोधात अर्धवटच काही लागते. आपल्याकडे तर लग्नानंतर स्त्रीचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रीत होती. गोव्यात त्यात पोर्तुगीज कारकुनाने लावलेल्या स्पेलिंगची भर. माहेरचे नाव, सासरचे नाव, पोर्तुगीज दप्तरातील नाव आणि घरात हाक मारण्याचे नाव, ही सारी एका ठिकाणी नोंदली नाहीत तर तिचा कागद असूनही नसल्यासारखाच.

येथून गोमंतकाकडे वळले पाहिजे. कागद जपण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. गोव्याचे अभिलेखागार १५९५ मध्ये सुरू झाले आणि इतिहासकार दियोगु दु कौतु हे त्याचे पहिले रक्षक होते. पावसाळी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांतून लिस्बन व गोवा यांच्यामध्ये जी सरकारी पत्रे ये-जा करीत, त्यांचे ‘मोन्सोंइश दु रेइनु’ हे खंड तेथे आजही आहेत. सत्तरीतील पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी याच दप्तरातून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उजेडात आणला. १८३२ मध्ये पणजीत सुरू झालेले सार्वजनिक ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते.

आपले कागद दूर जाऊन टिकल्याचाही अनुभव गोव्याला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे, आणि त्यांपैकी देवनागरीतील एक लंडनमध्ये सापडले. सोळाव्या शतकातील कोकणी-मराठी कथांची रोमी लिपीतील बाडे पोर्तुगालमधील ब्रागा येथे आहेत. म्हणजे छापलेला ग्रंथ हरवतो आणि हाताने लिहिलेला कागद टिकतो, असेही घडते. मात्र या साऱ्या जपणुकीत राजसत्तेचा कागद आहे, धर्माचा कागद आहे. घरातल्या स्त्रीचा कागद नाही.

पेडणे आणि डिचोली हे महाल तर नव्या काबिजादीतले. डिचोली १७८० च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्याआधी ते सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते. राज्य बदलले तरी सोयरीक बदलली नाही. तेरेखोल नदीच्या अलीकडे सासर आणि पलीकडे माहेर, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे. व्यवहार मराठीत, जुनी दप्तरे मोडी लिपीत. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंना मोकळा श्वास मिळाला आणि त्यानंतर गावोगावी मराठी शाळा व वाचनालये उभी राहू लागली. १९२६ नंतर हुकूमशाहीची छाया पसरली आणि छापील शब्दावर परीक्षकांची नजर बसली. अशा काळात मनातले लिहायला पत्राखेरीज जागा कोणती? १९५५ नंतर भारत व पोर्तुगीज गोवा यांच्यामधील जाणे-येणे आणि व्यवहार जवळजवळ थांबले. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत एकाच नदीच्या दोन काठांवरच्या बहिणी एकमेकींना अंतरल्या. त्या वर्षांत ज्या चार ओळी कोणाच्या तरी हाती पाठवल्या गेल्या, त्या ज्या घरात असतील त्या घराला स्वतःजवळ केवढा ठेवा आहे याची कल्पनाही नसेल.

या महालांतूनही स्त्रिया दूर गेल्या. ज्या १८८३ साली आनंदीबाई बोटीत बसल्या, त्याच साली पेडण्यातील मालपे येथे अंजनीबाई मालपेकर यांचा जन्म झाला. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या गायकीत त्यांनी अढळ स्थान मिळवले आणि १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचे सर्वोच्च सदस्यत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ‘संगीत दामिनी’ लिहिणाऱ्या हिराबाई पेडणेकर या मराठीतील आरंभीच्या स्त्री नाटककारांपैकी एक. त्यांच्या आडनावातच हा महाल आहे. कलावंत समाजातील या स्त्रियांनी गिरगावचा रस्ता धरला तेव्हा त्यांच्याही वाटेवर समाजाचा विरोध, अनोळखी शहर आणि एकटेपणा होताच. त्यांना सामावून घेणारे महाविद्यालय नव्हते, म्हणून त्यांचा अर्ज जपणारे कपाटही नव्हते. नंतरच्या पिढ्यांत शिक्षिका, परिचारिका, नोकरीसाठी आखाती देशांत गेलेल्या मुली आल्या. त्यांची निळी हवाई पत्रे आजही पत्र्याच्या पेट्यांत असतील.

पण या पेट्यांचा वैरी आपल्या हवेतच आहे. दरवर्षी शंभर इंचांहून अधिक पाऊस, चार महिन्यांचा दमट वारा, वाळवी, कसर आणि बुरशी. लाल रुमालात पोथी बांधणे, पेटीत कडुलिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवणे, दसऱ्याला पुस्तके उन्हाला दाखवणे, ही जुनी काळजी पोथ्यांना मिळाली. पत्रांना ती मिळाली नाही. जुने घर पाडून नवे बांधताना सर्वांत आधी बाहेर जाते ती आजीची ट्रंक.

अशा वेळी वाचनालयाने काय करावे? मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या घराने होकार दिला, तेथील कागद एका दिवसासाठी विश्वासाने आणावेत. स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळावेत. पिना आणि टाचण्या हळूच काढाव्यात, चिकटपट्टी कधीही लावू नये. कडक उन्हात किंवा झगझगीत दिव्याखाली न धरता, सावलीतल्या प्रकाशात त्यांच्या प्रतिमा घ्याव्यात आणि संध्याकाळी मूळ कागद मालकाला परत करावेत. पत्रासोबत पाकीटही घ्यावे, छायाचित्राची मागची बाजूही घ्यावी. त्या घरातील वडीलधाऱ्या बाईंना शेजारी बसवून चित्रातील प्रत्येकाचे नाव आणि नाते विचारून लिहून घ्यावे. ते माणूस आणि ती आठवण पुढच्या वर्षी असेलच असे नाही. मोडी वाचणारे मोजके लोक आहेत तोवर त्यांच्याकडून देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावे.

मात्र एक मर्यादा पाळलीच पाहिजे. पत्र ज्याला आले त्याचा कागदावर हक्क असतो. मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि भारतातील कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरही तो त्याच्या वारसांकडे राहतो. कायद्यापलीकडे सभ्यतेचाही प्रश्न आहे. आनंदीबाईंनी पतीला लिहिलेले ते कठोर पत्र आपल्यासाठी लिहिले नव्हते. आपण ते वाचतो तेव्हा एका खाजगी दुःखात शिरतो. ज्या घराला आपल्या पणजीचे पत्र उघड करायचे नसेल त्याला आग्रह करू नये. काही कागद जपावेत पण पंचवीस-पन्नास वर्षे उघडू नयेत, असा लेखी करार करता येतो. विशेषतः ज्या स्त्रियांकडे समाजाने एकेकाळी तिरक्या नजरेने पाहिले, त्यांच्या कुटुंबीयांच्या मनातील संकोच समजून घेतला पाहिजे. त्यांची नावे अभिमानाने घेतली जातील असा विश्वास आधी निर्माण करावा, कागद नंतर मागावा.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव दिले गेले आहे, तेही त्यांच्याच स्पेलिंगने. परक्या देशातील एका कुटुंबाने, एका संस्थेने एवढे केले. आपल्या गावच्या मुलींसाठी, सुनांसाठी, आज्यांसाठी तेवढे करणे या वाचनालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही. पहिल्या शतकात या संस्थेने लोकांना पुस्तके दिली. दुसऱ्या शतकाच्या आरंभी तिने लोकांकडून त्यांचे कागद विश्वासाने घ्यावेत. यंदाच्या दिवाळीत माळा साफ करताना सभासदांनी जुनी पेटी बाहेर काढण्यापूर्वी एकदा उघडावी, आणि आत जे सापडेल त्याची वर्दी प्रथम वाचनालयाला द्यावी, एवढीच विनंती. या संस्थेला दीर्घ आयुष्य लाभो, अशी सदिच्छा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होते.